माझा नवा जन्म आणि सौनाविना शनिवार

मित्रांनो, मी फिनलंडमधल्या एका लहान गावातला म्हातारा संगणक. हसू नका! लेम्पीआजीच्या शिवणयंत्राशेजारी माझी जागा आहे आणि ती जाता जाता वाचली.

नवा होतो तेव्हा माझा काय तो थाट! टाइस्टोआजोबा माझ्यावर पत्ते खेळायचे आणि हरले की मलाच बोल लावायचे. पण माझं खरं काम रविवारचं. आजीची थोरली बहीण इर्या स्वीडनमध्ये राहते. तिला ऐकू येत नाही, ती ओठ बघून बोलणं ओळखते. फोन तिच्या काय कामाचा? माझ्या पडद्यावर दोघी बहिणी समोरासमोर बसून कॉफी प्यायच्या.

मग एका रविवारी पडद्यावर पाटी आली, की माझी प्रणाली जुनी झाली, आता भेट होणार नाही. आजीची कॉफी गार झाली.

"भंगारात दे त्याला," आजोबा म्हणाले. फार लागलं मला ते.

"भंगारात काय? थांबा जरा!" शेजारच्या मार्युक्काबाई म्हणाल्या. त्यांनी माझं पोट उघडलं, धुळीचा बोळा काढला, नवी मेमरी बसवली. शनिवारी दुपारी नवी प्रणाली चढवायला घेतली आणि "काम संपेपर्यंत कुणी बंद करायचं नाही हं," असं बजावून त्या घरी गेल्या.

मी अर्ध्यावर आलो होतो. आजीच्या विजेच्या भट्टीत वेलचीचे पाव फुगत होते. तेवढ्यात आजोबांनी सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची विजेची शेगडीही लावली आणि खट्ट! फ्यूज उडाला. माझी शुद्ध हरपली.

"टाइस्टो! काय केलंस हे?"

"मी त्याला हातसुद्धा लावला नाही! फक्त सौना तापवली. शनिवार आहे की नाही आज?"

"शनिवार म्हणे! तुझ्या सौनापायी माझ्या बहिणीचं तोंड दिसायचं राहिलं!"

 आजोबा स्वतःच धावत जाऊन मार्युक्काबाईंना घेऊन आले. त्यांनी मला जागं केलं. "पुन्हा पहिल्यापासून चढवावं लागेल," त्या म्हणाल्या.

आजोबांनी शेगडीचा खटका आपल्या हाताने बंद केला. सौनाशिवाय शनिवार त्यांनी आजवर काढला नव्हता. त्या संध्याकाळी ते फ्यूजच्या पेटीसमोर खुर्ची टाकून राखणीला बसले.

रविवारी पडदा उजळला आणि इर्या दिसली! दोघी आधी नुसत्या रडल्या. मग इर्याचं लक्ष मागे उभ्या आजोबांच्या पिंजारलेल्या केसांकडे गेलं.

"अगं, याला झालंय काय? काल न्हाला नाही का?"

"तू दिसावीस म्हणून त्याने सौना सोडली," आजी म्हणाली.

इर्या पडद्याजवळ सरकली. "टाइस्टोने? पुन्हा सांग, सावकाश. मला ओठ नीट दिसले नाहीत."

आजीने पुन्हा सांगितलं. आजोबा लाजून पाव आणायला गेले.

मित्रांनो, जुन्याला टाकण्याआधी त्याची धूळ तरी झटकून बघा. आणि आम्ही अर्ध्यावर असू तेव्हा थोडी कळ काढा, आजोबांनी काढली तशी. मी अजून शिवणयंत्राशेजारीच आहे, आणि उद्या रविवार आहे.