रेघेखालचं घर

कचेरीत त्यांना सगळे रेघोजी म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. जन्मभर नकाशे काढले, एक रेघ वाकडी गेली नाही, अशी त्यांची ऐट. खोटी नव्हती हो. वाकडी नाहीच गेली, जाड गेली.

झालं असं, की पाणथळीचं अभयारण्य जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी बारीक निब तुंबली. साहेब डोक्यावर उभे. निब धुवायचा कंटाळा केला, जाड निब उचलली आणि सीमेची रेघ ओढून गडी मोकळा झाला. पण त्या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. त्या पन्नास मीटरांत अकरा घरं दबली, आणि त्यातलं एक रेघोजींच्या सख्ख्या ताईचं.

तेव्हापासून तेवीस वर्षं ताईचं भिजत घोंगडं. आधी छपरासाठी अर्ज. मग चार वर्षांपूर्वी दाजींचे पाय गेले, तेव्हा त्यांच्या खोलीला लागून संडास बांधायचा अर्ज. नगरपालिका म्हणे, तुम्ही अभयारण्यात, दाखला तिकडून आणा. वनखातं म्हणे, तुम्ही गावात, तिकडून आणा. जुना संडास मागच्या अंगणाच्या पार टोकाला. साठी ओलांडलेली बाई रोज नवऱ्याला ओढत तिथवर न्यायची, परत आणायची, कंबर धरून बसायची आणि पुढचा अर्ज भावाकडून लिहून घ्यायची. आणि हा पठ्ठ्या मूग गिळून, सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचा.

निवृत्तीला महिना राहिला आणि नकाशे संगणकावर चढायला लागले. ते काम करणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, रेघेची कुठली कड धरू? संगणकाला जाडी चालत नाही."

रेघोजी नकाशावर वाकले. बाहेरची कड धरली तर अकराही घरं अभयारण्यात, म्हणजे उठवणार. आतली धरली तर घरं सुटतील, पण लव्हाळ्याचा अख्खा पट्टाही सुटेल. पाणपक्षी घरटी करतात ती तेवढीच जागा, आणि गोदामवाले तिच्यावर टपून बसलेले. मधून धरली तर लव्हाळं वाचतं, दहा घरं वाचतात, आणि रेघ ताईच्या घरातून जाते. स्वयंपाकघर गावात, दाजींची खोली आणि अंगण अभयारण्यात.

"या एका घरापाशी जरा वळवता येईल?"

"नाही काका. सीमेच्या सात नंबरच्या दगडापासून आठ नंबरपर्यंत सरळच. सरकवली तर सगळी सरकेल."

संध्याकाळी ते ताईकडे गेले. ती दाजींची चादर बदलत होती. रेघोजींनी निबेपासून कडेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

ताईने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. "तेवीस वर्षं माझे अर्ज लिहितोयस तू."

"हो."

"खाली 'आपली नम्र' पण तूच लिहायचास."

दाजी पलंगावरून म्हणाले, "अगं, मेव्हण्याने आपलं घर नकाशावर आणलं, अजून काय पाहिजे?" कोणी हसलं नाही.

"ताई, तू सांगशील ती कड धरतो."

"म्हणजे पक्षी उठले तर माझ्यामुळे, शेजारीण उठली तर माझ्यामुळे? वा रे वा. तुझी रेघ आहे, तूच बघ." रेघोजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितलं, "मधून धर."

दोन महिन्यांनी ताईला कागद आला. स्वयंपाकघराला बांधकामाची परवानगी, पण तिथे पुढे रस्ता, वीतभर जागा नाही. दाजींच्या खोलीला वीटसुद्धा लावायची नाही, कायमची.

आता रेघोजी रोज सकाळी सहाला ताईकडे हजर असतात. दाजींना पाठुंगळी घेतात, अंगण ओलांडतात, बाहेर थांबतात, परत आणतात. संध्याकाळी पुन्हा तेच. लव्हाळ्यातून पक्ष्यांचा नुसता कलकलाट चाललेला असतो. त्यांना तो आवडतो, आणि आवडतो याची लाजही वाटते.

परवा रेघोजींच्या लेकीला बाळ झालं, लांबच्या शहरात. ते हरखले, तिकीट काढलं आणि चाचरत ताईला म्हणाले, "दोन दिवस नात बघून येईन म्हणतो."

"जा की," ताई भाजी चिरताना म्हणाली. "फक्त जाण्याआधी यांना विचार, दोन दिवस धरून ठेवता येतं का."

रेघोजींनी तिकीट खिशात सारलं, आत गेले आणि दाजींच्या पलंगापुढे पाठ करून खाली वाकले.