हाकेला ओ

पाळणाघरात सोडताना ठकू रडली नाही, आणि त्याचीच तिच्या आईला जास्त धास्ती वाटली. दहा महिन्यांचं पोर, कालपासून अंग कोमट, आणि आज आईकडे पाठ फिरवून खुशाल खुळखुळ्याकडे रांगत गेलं. रडली असती तर निदान नेहमीसारखी आहे असं तरी म्हणता आलं असतं. पिशवीत तापाच्या औषधाची बाटली होती आणि किती थेंब, केव्हा, याची चिठ्ठी होती. तरी ऑफिसात पोचेपर्यंत तिने काकूंना दोनदा फोन केला. काकू म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाई. दुसऱ्या फोनला त्यांनी एवढंच विचारलं, की बये, तू आमचा जिना तरी उतरलीस का?

नवरा परगावी कामाला, येणार तो शनिवारी. त्याला कळवण्यासारखं अजून काही नव्हतं, म्हणून कळवलं नव्हतं.

आज चार वाजता अंतिम सामने होते. साठ जण एकदम एका बेटावर उतरतात आणि एकमेकांच्या मागे लागतात, असा त्यांच्या कंपनीचा खेळ. खेळणारे आपापल्या घरात बसलेले असतात, पण बेट मात्र कुठल्या तरी भाड्याच्या मोठ्या यंत्रांवर असतं. प्रत्येक सामन्याला वेगळा कंटेनर लागतो. सामन्यापुरती उभी करायची आणि सामना संपला की मोडायची अशी एक बंद खोलीच म्हणा ना. तिला चिकटून एक लहान खोली असते राखणदाराची. या दोन खोल्या मिळून एक गट. राखणदार मोठ्या खोलीला ठरावीक सेकंदांनी हाक मारतो. तिने ओ दिली तर ठीक, नाही दिली तर ती मेली असं धरून तो मोडतो आणि नवी उभी करतो. हाक किती सेकंदांनी मारायची, किती हाका वाया गेल्या की मोडायचं, गटाला प्रोसेसर किती आणि मेमरी किती, हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल लिहिणं हे तिचं काम.

बाळंतपणाच्या रजेत ते दुसऱ्यांकडे होतं. त्या काळात एकदा भर सामन्यात एक खोली बंद पडली आणि राखणदाराला चार मिनिटं पत्ताच नाही. साठ माणसं बेटावर पुतळ्यासारखी उभी. परत आल्यावर तिने सगळ्यात आधी तीच ओळ धरली. दर पाच सेकंदांनी हाक, आणि एकही ओ चुकली की मोडा.

त्यांच्यात एक शिस्त होती. फाइल बदलली की दुसऱ्या कोणी तरी ती मोठ्याने वाचायची, ओळ न ओळ, आणि बदलणाऱ्याने प्रत्येक ओळीचं कारण सांगायचं. वाचायचं काम नेहमी एकाच्याच गळ्यात पडायचं, म्हणून त्याचं नाव पडलं पोपट. त्या दिवशी त्या ओळीवर पोपट अडखळला होता. एकच, असं त्याने विचारलंही होतं. ती म्हणाली होती, चार मिनिटं कुणाला कळलं नव्हतं, ते विसरलास का? त्याने तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं आणि तो पुढच्या ओळीवर गेला. परत आल्यापासून सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपत होते.

अकराच्या सरावात चारपैकी तीन गट कोसळले. आपोआप उभे राहिले, साठही जण पुन्हा एकदम आत शिरले आणि गट पुन्हा कोसळले. दहा मिनिटांत सात वेळा. स्पर्धा भरवणाऱ्यांचा फोन मास्तरांना आला. मास्तर म्हणजे त्यांचे प्रमुख, पूर्वी कॉलेजात शिकवायचे. ते कधी ओरडत नसत, आजही ओरडले नाहीत, आणि हीच पंचाईत होती. खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले. पोरीला बरं नाही ना, मग घरी जा म्हणाले. सामने पोपट जुन्या फाइलवर काढील. आणि पुढे तिला कागदपत्रं लिहायच्या कामावर घेऊ, डोक्याला ताप नको.

ते मनापासून बोलत होते, हे तिला दिसत होतं. एकदा त्या टेबलावर गेलेलं माणूस परत इकडे आलेलं तिने पाहिलं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

“जुन्या फाइलमध्ये ती चार मिनिटं तशीच आहेत,” ती म्हणाली. “मला तीनपर्यंत वेळ द्या.”

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

तिने नोंदी उपसल्या. चूक म्हणून कुठे काही नव्हतं. प्रत्येक खोलीची शेवटची नोंद अर्ध्या वाक्यात तुटलेली, बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तशी. तिने मेमरी वाढवली, संगणकानेच चालवलेले खोटे खेळाडू आत सोडून पाहिले, गट पडला. प्रोसेसर वाढवला, तरीही पडला. दीड वाजला. ठकूला एक वाजता भरवतात, म्हणून तिने काकूंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदाही नुसतीच रिंग वाजत राहिली. सातव्यांदा लावून कानाशी धरलेल्या फोनसकट ती लिफ्टपाशी पोचली होती, पर्स खांद्याला, एक चप्पल अर्धवट पायात. मागून मास्तर पाहत असणार, हे कळूनही तिने वळून पाहिलं नाही.

फोन कानावरून खाली घेतला, तोच तो वाजला.

“अगं, बारा पोरं एकदम जेवायला बसलीत,” काकू म्हणाल्या. “माझे दोन्ही हात बरबटलेले. उचलला नाही म्हणजे काही झालं असं नसतं गं, मी कामात असते. आणि तुझ्या फोनने जी दोन झोपली होती ती उठली. आता पहिल्यापासून सगळी वरात.”

ठकू कशी आहे, तिने विचारलं. कुरकुरतेय पण दोन घास गेलेत, असं सांगून काकूंनी फोन ठेवून दिला.

लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी चढत नाही असं पाहून मिटलं. ती तशीच उभी. बारा पोरं एकदम. साठ खेळाडू एकदम.

जागेवर येऊन तिने राखणदाराला गप्प बसवलं, साठ खोटे खेळाडू एका दमात आत सोडले आणि स्वतः एक हाक मारली. पाच सेकंद गेले. दहा. पंधरा. बाविसाव्या सेकंदाला ओ आली, स्वच्छ, धडधाकट. साठ जणांना बेटावर उतरवण्यात खोलीचे हात गुंतलेले होते, इतकंच. सकाळी सातही वेळा खोल्या जिवंत होत्या. मारल्या होत्या त्या तिने.

ती उठून मास्तरांकडे गेली. यंत्राचा दोष नाही, माझा आहे, हे तिने एका दमात सांगून टाकलं. मास्तरांनी पोपटाकडे पाहिलं. ही ओळ वाचली नव्हतीस का?

“वाचली होती. खटकलीही होती.”

“मग?”

पोपट कान खाजवू लागला. “हिच्याकडे बघून गप्प बसलो.”

“पुढच्या वेळी फाइलकडे बघ,” ती म्हणाली.

तिघांपैकी कुणी हसलं नाही, पण काचेचं भांडं तिथेच फुटलं.

नवी फाइल पोपटाने वाचली. दर दहा सेकंदांनी हाक, लागोपाठ चार ओ चुकल्या तर मोडा. चाळीसच सेकंद का, त्याने विचारलं. बावीस लागतात, जवळजवळ दुप्पट धरलेत. आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला ओ आली असती तर? तर आपण जिवंत खोली मोडलेली असेल. आणि खरंच मेलेली असली तर? तर साठ जण चाळीस सेकंद ताटकळतील. या वेळी पोपट बराच वेळ फाइलकडे पाहत राहिला, मग पुढची ओळ वाचली.

चारला पाच कमी असताना तिने फोनचा आवाज बंद केला आणि तो पर्समध्ये टाकला.

सामने सुरू होताच चारही गटांपुढचे हिरवे ठिपके पिवळे झाले. एक ओ चुकली. दुसरी चुकली. मग पहिला गट हिरवा झाला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. चौथा पिवळाच. तिसरी हाक वाया गेली. हाताने मोडायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात होतं आणि तिचं बोट माऊसवर. आता मोडलं तर अर्ध्या मिनिटात नवी खोली उभी राहील, कुणी नावं ठेवणार नाही. मास्तर खुर्चीमागे उभे होते. तिने बोट उचललं आणि हात मांडीखाली दाबून धरला. तीस. बत्तीस. चौतिसाव्या सेकंदाला ठिपका हिरवा झाला.

सामने पार पडले. मास्तर म्हणाले, सोमवारी बोलू. कागदपत्रांच्या कामाचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि ते गेलं असंही म्हणाले नाहीत.

तिने पर्समधून फोन काढला. काकूंचे दोन फोन येऊन गेले होते. चार वाजून तीन मिनिटं, चार वाजून चार मिनिटं. ऐन सामने चालू असतानाचे. तिने फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला नाही. पाळणाघर दहा मिनिटांवर होतं. ती पळालीही नाही, फक्त वाटेत एकाही सिग्नलचा रंग तिला आठवला नाही.

काकूंनी दार उघडलं तेव्हा ठकू त्यांच्या खांद्यावर आडवी, गाल लालबुंद.

“चारला ताप चढला,” काकू म्हणाल्या. “औषध देण्याआधी विचारावं म्हणून फोन केला. दोनदा केला. नाही उचललास, म्हटलं कामात असशील. मग तुझी चिठ्ठी बघून तेवढेच थेंब दिले.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिने पोरीला घेतलं. कपड्यांमधूनही अंगाची धग लागत होती. डॉक्टरांचा दवाखाना साडेपाचला उघडायचा होता, तोवर जिन्याच्या पायरीवरच ती बसली. “ठकू,” तिने कानाशी हाक मारली. काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही. तिने पुन्हा हाक मारली नाही. खालच्या दुकानाचं शटर कुणी तरी वर ढकलत होतं. ती मनात आकडे मोजत राहिली, आणि तेराव्या आकड्याला एका ओल्या, गरम मुठीने तिची कॉलर घट्ट धरली.