अजून थोडं लांब

ऑफिसात मला खोडरबर म्हणतात. नाव जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या कॉपीवाल्यानं ठेवलं आणि ते चिकटलं, कारण माझं कामच पुसायचं आहे. जाहिरातीतल्या बाईच्या गालावरचा डाग, बाळाच्या नाकाखालचा शेंबूड, साबणाच्या वडीवर आलेला केस, सगळं माझ्याकडे येतं. माझ्या खोलीच्या भिंती राखाडी आहेत आणि खिडकीला जाड काळा पडदा आहे, कारण बाहेरचा उजेड बदलला की स्क्रीनवरचे रंग खोटं बोलायला लागतात. दिवसभर मी तिथं एकटी असते. लोकांना वाटतं, बिचारी. मला माणसं चारशे टक्के मोठी करून बघायची सवय झाली आहे. खऱ्या आकारातली माणसं जरा जडच जातात.

त्या महिन्यात गोळीचं काम आलं. हर्पिसवरची गोळी. औषध कंपनीचा माणूस मीटिंगला आला होता. गडी सभ्य, बोलणं मऊ, पण हर्पिस म्हणायची वेळ आली की आवाज खाली. ज्याच्यावर पोट चालतं त्याचं नाव घ्यायची याला लाज. कॉपीवाल्यानं लगेच खुर्ची मागं सरकवली. म्हणाला, "सॅनिटायझर कुणाकडे आहे? या कागदांना हात लावायचीसुद्धा भीती वाटते."

सगळे हसले. मीही हसले. तीन वर्षांत मी त्यात चांगली तयार झाले आहे.

तीन वर्षांपूर्वी मला हर्पिस झाला. ज्याच्याकडून आला तो माणूस निघून गेला, आजार मात्र राहिला. दोघांत इमानी कोण ते ज्यानं त्यानं ठरवावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. माझा कमरेखालचा. वर्षातून दोनदा-तीनदा उठतो, आठ दिवस जाळतो, जातो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पुष्कळ लोकांना असतो आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. टॉवेलनं लागत नाही, पेल्यानं लागत नाही, कुणाला मांडीवर घेतल्यानं लागत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मी तसंच्या तसं जाऊन ताईला सांगितलं, कारण दुसरं सांगण्यासारखं मला कोणी नव्हतंच.

ताई रडली. मला पोटाशी धरलं. पुढच्या रविवारी तिच्या बाथरूममध्ये एक नवा पिवळा टॉवेल लटकत होता. "हा तुझा हं," ती म्हणाली. "मऊ आहे बघ." मग माझा पेला वेगळा झाला, तोही सगळ्यांत चांगला. मग तिची लेक, जिला घरात सगळे वटवटी म्हणतात, माझ्या मांडीवर बसायला आली की ताईला नेमकं तिच्याकडे काहीतरी काम निघायला लागलं. जा गं, चष्मा आण. जा गं, दार कुणी वाजवलं बघ. दार कुणीच वाजवलेलं नसायचं. ताई कधी एका शब्दानं वाईट बोलली नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही प्रेमानं.

तेव्हा वटवटी चार वर्षांची होती. आता सातची आहे. तीन वर्षांत ती शिकली, की मावशीसमोर बसायचं, मावशीवर नाही. मला त्या आजाराचं काही वाटेनासं झालं आहे, पण याचं वाटतं. फार वाटतं.

जाहिरातीचा फोटो विकत आणलेला होता. सोफा, सोफ्यावर आई, आईच्या मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीचे हात आईच्या गळ्यात, नाक आईच्या गालात रुतलेलं, दोघी हसताहेत. जाहिरातीला दोन चित्रं हवी होती. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. 'नंतर'मध्ये हाच फोटो जसाच्या तसा. 'आधी'मध्ये आईच्या ओठावर फोड आणि मुलगी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे जे खरं होतं ते नंतर घडणार होतं, आणि आधीचं मी बनवायचं होतं.

ओठावरचा फोड मी नमुना न शोधता काढला. लालसर कड, आत पाणी, बाजूला दोन बारके. कॉपीवाला मागून डोकावला. "बाप रे, डोळे मिटून काढलास की काय?"

"तुझा चेहरा आठवून काढला," मी म्हटलं. तो खूश होऊन गेला.

मुलीला उचलून लांब ठेवणं मात्र चार दिवसांचं काम निघालं. नुसतं कापून भागत नाही. तिचे हात काढले की आईचा गळा उघडा पडतो, तो भरावा लागतो. तिच्या नाकानं दबलेला गाल पुन्हा गोल करावा लागतो. आणि आईच्या झग्याला मांडीवर ज्या सुरकुत्या पडल्या होत्या, पोर बसली की कापड दबून पडतात तशा, त्या एकेक करून सपाट कराव्या लागतात. नाहीतर बघणाऱ्याला कळतं, की इथं आत्ता कोणीतरी होतं. मी त्या सुरकुत्यांवर पूर्ण दीड दिवस घालवला. नंतर खाली जाऊन चहा घेतला आणि जिन्यात उभी राहून रडले. मग वर आले.

कंपनीचा माणूस माझ्या खुर्चीमागं उभा राहून बघायचा. "छान," तो म्हणायचा. "अजून थोडं लांब."

मी मुलगी सरकवायची.

"अजून थोडं."

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "साहेब, मांडीवर बसल्यानं हा लागत नाही ना?"

"छे, नाही लागत," तो लगेच म्हणाला. माणूस खोटारडा नव्हता. "पण भीती तर वाटली पाहिजे. भीतीच नाही वाटली तर गोळी कोण घेईल?" मग त्यानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. या गोळीनं आजार समूळ जात नाही, त्रास कमी होतो, असं तिथं मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. "हे जरा फिकट होईल का?"

फिकट झालं.

आमच्या कामाची एक सवय असते. फाइल पाठवण्याआधी एकेक थर बंद करून, पुन्हा चालू करून बघायचा. मूळ फोटो तळाशी तसाच असतो, आपण केलेलं सगळं त्याच्यावर पारदर्शक कागदांसारखं रचलेलं असतं. फोडाचा एक थर, अंतराचा एक थर. शुक्रवारी दुपारी मी 'आधी'च्या चित्रातला अंतराचा थर बंद केला, आणि मुलगी परत आईच्या मांडीवर आली. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती.

"शनिवारी राहायला येऊ नकोस हं," ती म्हणाली. "रविवारी जेवायलाच ये. हिची हल्ली फार खोड आहे, पहाटे उठून कुणाच्याही अंथरुणात घुसते. सांगितलेलं ऐकत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"राग नाही ना आला?"

"नाही गं."

फोन ठेवला, फाइल साठवली, पाठवली. अंतराचा थर बंदच राहिला. मुद्दाम केलं का? शपथेवर सांगते, नाही. त्या थराकडे माझं लक्षच नव्हतं. पण असतं, तरी मी स्वतःचा हात धरला असता असं नाही.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. मंजुरी सगळ्यांनी फोनवर दिली, बोटाएवढ्या चित्रावर. कंपनीच्या माणसानं गोळीचं नाव तपासलं, कॉपीवाल्यानं आपली ओळ तपासली. दहा दिवसांनी जाहिरात शहरभर लागली आणि ताईच्या घरासमोरच्या बसथांब्यावरही लागली.

त्यानंतरच्या रविवारी ताईकडे जेवण झालं, पिवळ्या टॉवेलला हात पुसले, आणि ताई नि वटवटी मला थांब्यापर्यंत सोडायला आल्या. बाकावर मी एका टोकाला, ताई दुसऱ्या टोकाला, मध्ये ताईची पिशवी. वटवटी काचेमागच्या जाहिरातीसमोर उभी राहिली. तिच्या मासिकात फरक ओळखा असं कोडं येतं, त्यात ती पटाईत आहे. मी मान वर करून पाहिलं. माणसाएवढ्या दोन आया होत्या आणि दोघींच्याही मांडीवर मुलगी होती.

"एकच फरक आहे," वटवटी म्हणाली. तिनं दोन्ही चित्रांवरून बोट फिरवलं. "हिला ओठावर फोड आहे, हिला नाही. बाकी सगळं सेम. मावशी, हे तू केलंस ना? हर्पिस म्हणजे काय?"

"चल, बस येईल आता," ताई म्हणाली.

मला काय झालं कोण जाणे. कदाचित त्या सुरकुत्या दिसल्या म्हणून असेल. "एक आजार असतो," मी म्हटलं. "फोड येतात, जातात. मलाही आहे."

ताईनं पिशवीचा बंद घट्ट धरला. वटवटीनं माझ्या ओठांकडे पाहिलं.

"दिसत नाही."

"नेहमी नसतो. आणि माझा ओठावर नसतो."

ती विचारात पडली. तिच्या बाबतीत हे क्वचितच घडतं. "म्हणून तुझा टॉवेल वेगळा आहे?"

याचं उत्तर मी देऊ शकले असते. डॉक्टरीणबाईंचं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे. पण तीन वर्षं मीच देत आले होते, मनातल्या मनात, रोज. मी ताईकडे पाहिलं.

वटवटीनं पुन्हा चित्राकडे पाहिलं, मग आईकडे. "ही तर तिच्या मांडीवर बसली आहे, फोड असूनसुद्धा. मांडीवर बसल्यानं होतो का गं आई?"

समोरून एक सायकल गेली. ताई तिच्याकडे बघत राहिली, ती वळून दिसेनाशी होईपर्यंत.

"नाही," ताई म्हणाली.

इतकं हळू, की गोळीवाल्याचीच आठवण झाली. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला इतका राग आला, की त्या पिवळ्या टॉवेलचं पोतेरं करावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिची दया आली, कारण तिचा चेहरा पार उतरला होता.

वटवटीला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला उत्तर मिळालं होतं. ती आली आणि माझ्या मांडीवर बसली. पूर्वीची चार वर्षांची नव्हे, चांगली वजनदार, हाडं टोचणारी. माझे हात कुठं ठेवायचे तेच मला कळेना. शेवटी तिनंच ते ओढून आपल्या पोटावर घेतले आणि शाळेतल्या कुठल्यातरी भांडणाचं सांगायला लागली. उद्या कोणीतरी फोन करणार होतं, ही चूक दाखवणार होतं, आणि मला बसून त्या मुलीला पुन्हा सोफ्याच्या टोकाला न्यावं लागणार होतं. ते मी करणारच होते. नोकरी आहे.

बस आली. दार उघडलं. मी उठले नाही. ताईनं पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली आणि चालकाला हातानं खूण केली, जा म्हणून.

"पुढची वीस मिनिटांनी आहे," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.