बंद घरातला कूलर

जुन्या रायपुरातल्या बुढापारा मोहल्ल्यातलं घर बंद करताना गुलाबरावांनी मीटरबोर्डातला कटआउट, म्हणजे फ्यूजचा चिनीमातीचा ठोकळा, उपसला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. लोक कुलूप ओढून पाहतात, हे खिसा चाचपून पाहत. कारखान्यात चाळीस वर्षं वायरमन होते ना! मग ते आणि त्यांची बायको अंजनाबाई नवा रायपूरला इंद्रजीतच्या, म्हणजे मुलाच्या फ्लॅटवर आले. जुनं घर विकायचं ठरलं होतं. गुलाबराव ‘हो’ म्हणून बसले होते, पण तेव्हापासून घास उतरत नव्हता.

इंद्रजीतनं त्या घराच्या मीटरवर सिमकार्डाची एक डबी बसवली होती. तिथं काय चालू, काय बंद, सगळं मोबाइलवर दिसे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “बाबा, पुराने घर का कूलर चल रहा है.”

“काय बोलून राहिला बे? करंट माह्या खिशात हाय!” गुलाबरावांनी कटआउट ताटाशेजारी आपटला.

पण रोज दुपारी दोनला कूलर चालू, चारला बंद. नेमकी गुलाबरावांची झोपेची वेळ.

“एवढे मोठे वायरमन, अन् घरचा कूलर ऐकत नाही,” अंजनाबाई म्हणाल्या.

सौद्याच्या आदल्या दुपारी गुलाबराव गुपचूप बुढापाऱ्यात पोचले. कुलूप काढलं. आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. बोर्डात कटआउटची जागा रिकामी, आणि कूलर घरघरत होता. खाटेवर उशीला डोक्याएवढा खड्डा. हात लावला तर ऊबदार. त्यात डोकं ठेवलं, तर अगदी मापात बसलं. महिन्याभरात एवढं गार कुठं वाटलं नव्हतं. त्यांनी फोन लावला.

“अंजना, मी आपल्या घरी हाय. इंद्रजीतले सांग, घर विकायचं नाही.”

“कोण हाय तुम्ही? ह्यांचा मोबाइल कुठून उचलला? हे तर इथं घोरून राहिले!”

गुलाबराव हसले. “थट्टा पुरे.”

पण फोनमधून घोरणं ऐकू येत होतं, शेवटी बारीक शिट्टी असलेलं. ते थांबलं. जांभई आली. मग गुलाबरावांचाच आवाज म्हणाला, “कोण हाय वं? इंद्रजीतले म्हन, उद्या सही करतो. आता काही वाटत नाही मले त्या घराचं.”

गुलाबरावांनी खिसा चाचपला. कटआउट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सही झाली. फ्लॅटवरचे गुलाबराव जेवलेही पोटभर. नवा मालक किल्ली घेऊन दुपारी अडीचला बुढापाऱ्यातल्या घरी गेला. दाराला कुलूपच नव्हतं. कडी आतून लागलेली होती, आणि फटीतून गार वारा येत होता.