एगोनची करंगळी

थीराने टेबलावरचा दिवा चाचपून बंद केला आणि समोर घडाघडा चाललेलं वाचन जागच्या जागी थांबलं. डेन्मार्कमधल्या लेमविगमध्ये डिसेंबरात दुपारी चारलाच काळोख होतो.

"वाचा ना," ती म्हणाली.

जन्मांध थीरा सत्तावीस वर्षं मोठ्या माणसांना ब्रेल शिकवत होती. तिला फसवणं हे काही खायचं काम नव्हतं. तिसऱ्याच आठवड्यात हा बेकरीवाला एगोन फाडफाड वाचतो काय, आणि कागदावर बोट घासल्याचा आवाजही नाही! त्याच्या उजव्या डोळ्यात थोडीशी नजर उरली होती, तिच्या जोरावर स्वारी ठिपक्यांच्या सावल्या वाचत होती.

एगोनने मुकाट्याने कबूल केलं. तो डोळाही उन्हाळ्यापर्यंत जाणार होता. पण त्याआधी, महिन्याभरात, बायकोची, सिग्रिडची, साठी होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे मेजवानीत उभं राहून बायकोवरचं भाषण नवऱ्यानेच करायचं असतं. पाठांतराच्या नावाने शंख, आणि मेणबत्त्यांच्या उजेडात त्या डोळ्याला काय दिसणार? मुलगा ट्रोल्स म्हणत होता, मी वाचतो. एगोनला नेमकं तेच नको होतं.

"बोटांना काही लागतच नाही हो," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तापलेले ट्रे उचललेत."

थीराने त्याची बोटं एकेक करून चाचपली. सगळी पावाच्या कडेसारखी टणक. डावी करंगळी तेवढी मऊ होती.

"ही इतकी वर्षं नुसती बसून खात होती," ती म्हणाली. "आता हिला कामाला लावू."

महिनाभर दोघं रोज अंधारात बसली. एगोन चिडला, दोनदा निघूनही गेला, पण दुसऱ्या दिवशी हजर.

मेजवानीत एगोनच्या डावीकडे सिग्रिड बसली होती आणि उजवीकडे थीरा. एक पान वाचायला त्याला दहा मिनिटं लागली. चौथ्या ओळीला तो असा अडला, की थीराचा जीव टांगणीला लागला. ट्रोल्सची खुर्ची सरकली.

"बस खाली," सिग्रिड मुलाला म्हणाली. "मला घाई नाही."

एगोनने घसा खाकरला. "सिग्रिड, तुझा चेहरा आता मला धूसर दिसतो. पण तू रागावलीस की अजून पोटात गोळा येतो."

सगळे खो खो हसले. सिग्रिडचा आवाज तेवढा आला नाही. मग गार झालेलं मांस वाढलं गेलं. एगोनच्या ताटात नुसता काटाच वाजत होता, म्हणून थीराने हळूच विचारलं, सुरी हवी का.

"नको," एगोन म्हणाला. "डावा हात हिने धरून ठेवलाय."