जिथून धरलं तिथंच

दौंडातली कुत्री सतीशची गाडी आवाजावरून ओळखायची. जाळी लावलेली ती पांढरी गाडी कोपऱ्यावर वळली, की आळीतली सगळी कुत्री क्षणात गायब व्हायची, आणि माणसं मात्र तक्रारी घेऊन बाहेर यायची. "आमच्या दारातलं न्या आन् तिकडं भीमेच्या पल्याड सोडा." जो तो हेच गाणं गायचा. कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या संस्थेत सतीशला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "आप्पा, जिथून धरलं तिथंच सोडायचं. नियम हाय." परक्या हद्दीत कुत्रं टिकत नाही, तिथली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर ते घर शोधत निघतं आणि रस्त्यात मरतं, हेही तो न कंटाळता समजावून सांगायचा. त्याची बायको अनिता तर त्याला घरातही हे ऐकवायची. चप्पल जिथून उचलली तिथंच ठेवा, नियम हाय म्हणायची.

त्या माघात तो पाटसजवळच्या ऊसतोड मजुरांच्या तळावर गेला होता. उसाच्या पाचटाच्या दहा-बारा कोप्या, चुली, बैल, आणि त्यात एक तांबडी कुत्री. तिला धरायला जाळी लागलीच नाही. साखरबाई नावाच्या म्हातारीनं स्वतःच तिला उचलून पिंजऱ्यात ठेवलं.

"ठकी नाव हाय तिचं," साखरबाई म्हणाली. "चार सालं झाली, गावाहून संगं येती. गेल्या साली पाच पिल्लं झाली, पाची ट्रॉलीखाली गेली. आठ दिस त्या चाकापाशी बसून व्हती. पुन्ना नगं बघायला. करा तिचं आप्रेशन."

"पाचव्या दिवशी आणून सोडतो, मावशी."

"हितंच?"

"ह्याच बाभळीखाली. जिथून धरलं तिथंच. शब्द हाय माझा."

म्हातारीनं पदरातली अर्धी भाकरी पिंजऱ्याच्या गजातून आत सरकवली. ठकी भाकरी तोंडात धरून तशीच बसली, खाल्ली नाही.

चार दिवस ती केंद्रातही तशीच वागली. भुंकली नाही, कुणावर गुरगुरली नाही, दाराकडं तोंड करून बसून राहिली. नसबंदी झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचा शेंडा कापला होता, तो सुकला. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर मोनालीनं टाके पाहिले आणि "जाऊ दे हिला घरी," म्हणाली.

सतीश तळावर पोचला तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. ऊस संपला होता आणि टोळी उठून गेली होती. चुलींचे काळे दगड, विस्कटलेलं पाचट, बैलांचं वाळलेलं शेण. बाभळीखाली एक फाटकी गोधडी पडली होती. जाताना टाकून गेले असतील, असं त्याला वाटलं.

पिंजरा उघडला तशी ठकी धावत सगळ्या जागांवरून फिरली, प्रत्येक चूल हुंगली, आणि शेवटी त्या गोधडीवर जाऊन बसली. सतीशकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

आता नियमाप्रमाणं त्यानं गाडी वळवून निघायला हवं होतं. पण त्याचा पाय उचलेना. टाके ताजे, आसपास घर नाही, खायला कण नाही. ही इथं बसून उपाशी मरणार, असं त्याच्या मनानं घेतलं. नऊ वर्षं ज्याला-त्याला शहाणपण शिकवणारा हा माणूस त्या सकाळी कुत्रीपुढं विरघळला. चार-पाच किलोमीटरवर हायवेला सोपानरावांचा ढाबा होता. सोपानराव भटक्या कुत्र्यांना रोज भात घालायचे, चांगला माणूस. सतीशनं ठकीला उचललं. ती अंगाला झटके देत गोधडीला नख्या रोवून धरत होती, तेवढ्या त्यानं सोडवल्या. ढाब्यावर सोडलं, पाणी ठेवलं. केंद्राच्या वहीत मात्र त्यानं लिहिलं, 'पाटस, तळ, बाभळीखाली.' नऊ वर्षांत ही पहिली खोटी नोंद.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन आला. हायवेवर कुत्रं पडलंय, उचलून न्या. मेलेली कुत्रीही त्यालाच उचलावी लागत. पाटसच्या अलीकडं दुभाजकाला लागून ती पडली होती. तांबडी, डावा कान कापलेला, पोटाचे टाके तसेच. तोंड तळाच्या दिशेला होतं. अजून किलोमीटरभर गेली असती तर पोचली असती.

सतीश तिथंच रस्त्याकडेला बसला आणि रडला. मोठा गडी, खाकी शर्टातला, येणाऱ्या-जाणाऱ्या एसटीतली माणसं बघताहेत याचंही त्याला भान राहिलं नाही. मग त्यानं तिला पोत्यात गुंडाळलं. शब्दाचं एवढं तरी राखू, बाभळीखालीच पुरू, म्हणून तो तळाकडं गेला.

बाभळीखाली गोधडीवर साखरबाई बसली होती. मांडीवर फडक्यात भाकरी.

"आलात व्हय?" ती उठत म्हणाली. "टोळी न्हावऱ्याला हलली, तिकडं शिरूरच्या बाजूला. मुकादमाला म्हनलं तुमास्नी फोन लावा, त्यानं न्हाई लावला. आज कामावर खाडा केला, एसटी आन् जीप करत आले. माझ्या अंथरुनातली गोधडी टाकून गेले व्हते, वासावर बसंल म्हनून. एक रात काढंल, माझी ठकी शानी हाय. पन ती दिसंना. उशीर झाला का आनायला?"

व्हय म्हणावं, आत्ताच आणली म्हणावं, इथंच गाडीखाली आली म्हणावं. सतीशच्या मनात सगळं येऊन गेलं. पण म्हातारी त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"कालच आणली होती, मावशी," तो म्हणाला. "गोधडीवरच बसली होती. मला वाटलं, तुम्ही सोडून गेलात तिला. उपाशी मरंल म्हणून मीच उचलून ढाब्यावर नेली. तिथनं इकडं येत होती."

साखरबाईनं गाडीकडं पाहिलं. पोतं तिनं स्वतः उतरवून घेतलं, उघडलं, कापलेल्या कानावरून बोट फिरवलं. सतीशला वाटलं, हिनं शिव्या द्याव्यात, हातातलं भाकरीचं फडकं तोंडावर फेकून मारावं.

तिनं गोधडी झटकली आणि ठकीला तीत नीट गुंडाळलं. सतीशनं खड्डा घेतला. माती ओढून झाल्यावर तिनं भाकरीचा तुकडा वर ठेवला आणि मग विचारलं,

"गोधडीवर बसली व्हती म्हंजी, मी तिला टाकलं न्हाई, हे कळलं असंल ना वो तिला?"

"व्हय, मावशी," सतीश म्हणाला. "उठतच नव्हती."