जन्माची अशक्त मोहर

मी एक जुनी सोन्याची मोहर आहे आणि माझ्याबद्दल एक खोटी गोष्ट पसरली आहे. मी म्हणे जन्माचीच अशक्त. मित्रांनो, ही गोष्ट खोटी आहे हे जगात तीनच जणांना ठाऊक आहे, आणि त्यातली एक मी. तुम्ही लांबचे. तुमच्या तोंडून ती हुचितान गावच्या बाजारात पोचायची नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म मेक्सिकोच्या टांकसाळीतला. सोन्याची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवली आणि वरून असा दणका बसला की विचारू नका. एका अंगाला पंख पसरलेला गरुड उमटला, चोचीत साप. दुसऱ्या अंगाला एक हात, हातात काठी आणि काठीवर टोपी. गरुडाच्या छातीवरचं पीस न् पीस उठलं होतं. मला त्याचा गर्व होता, उगाच कशाला लपवू?

हुचितानच्या एका मीठ विकणाऱ्या बाईनं मला कमावलं. इकडं बायकांचं सोनं बायकांकडंच राहतं, आईकडून लेकीकडं जातं. माझ्याबरोबरच्या मोहरांना तिनं डाग देऊन कड्या लावल्या आणि माळेत ओवलं. त्या लग्नांत, नाचांत, गावच्या उत्सवांत मिरवायच्या. उत्सवाच्या आदल्या दिवशी त्यांना राखेनं आणि लिंबानं घासून लख्ख करायचे, कारण कळकट सोनं अंगावर घालून चार लोकांत गेलं की इथं बाईचं नाक कापलं जातं. मला मात्र मेणकापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं. "ही अडीनडीची," असं ती म्हणाली. पाच पिढ्या मी तिथं होते. वर माळ ठेवायला पेटी उघडली की बहिणी टोमणे मारायच्या, "काय गं, अजून सोवळ्यातच का?" मी मनातून खट्टू व्हायचे.

शेवटी मी ओदिलियाकडं आले. ओदिलिया बाजारात सुकट विकते. बोलणारी, हसणारी, गिऱ्हाइकाची फिरकी घेणारी बाई. तिला फक्त इथली झापोटेक बोली येते. शहरातली स्पॅनिश तिला कळत नाही आणि त्याची तिला फिकीरही नाही. तिची एकुलती एक लेक ईरासेमा. ईरासेमा मखमलीच्या चोळ्यांवर रेशमाची फुलं भरायची, आणि तिचं काम बघायला बायका दुसऱ्या गावांहून यायच्या.

मग ईरासेमाला फुलांच्या कडा दिसेनाशा झाल्या. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांचे आतले पडदे सुटत चाललेत, महिन्याच्या आत दोन्हींची शस्त्रक्रिया करा, नाहीतर हाती काही राहणार नाही. माळ आधीच्या औषधांत गेलीच होती. ओदिलियानं पेटीच्या तळाशी हात घातला.

ईरासेमा मला घेऊन रात्रभराच्या बसनं वाहाका शहरात गेली. तिथं कमानींखाली बाल्बिनो काकांचं छोटं दुकान आहे. नाण्याची प्रत ठरवावी तर त्यांनीच. त्यांनी मला कडेनं धरलं, तोंडावर बोट लागू दिलं नाही. दिव्याखाली मला हळूहळू कलंडवलं. अस्सल, न हाताळलेल्या नाण्यावर उजेड गोल गोल फिरतो. तो माझ्यावर फिरला. मग भिंग लावून त्यांनी गरुडाची छाती पाहिली, कारण झीज पहिल्यांदा तिथं दिसते.

"पोरी," काका म्हणाले, "सत्तर म्हणजे आत्ता टांकसाळीतून पडलेलं नाणं. हिला मी चौसष्ट देतो. इतक्या जुन्या मोहरेला चौसष्ट मी आजवर दिलेले नाहीत. गुरुवारी राजधानीहून एक संग्राहक येतोय. तुझे दोन्ही डोळे होतील एवढे तो देईल. आत्ता इथं ठेवून जातेस?"

"सोनं आईचं आहे, काका. तिला विचारल्याशिवाय कसं ठेवू? गुरुवारी तिलाच घेऊन येते."

"ये. पण आहे तशीच आण. फुंकरसुद्धा मारू नकोस."

पाच पिढ्यांत कुणी माझं इतकं कौतुक केलं नव्हतं. मी परतीच्या वाटेवर फुगून बसले होते.

ईरासेमानं घरी सगळं सांगितलं. चौसष्ट सांगितले, गुरुवार सांगितला, दोन्ही डोळे सांगितले. आईलेकी गळ्यात पडून रडल्या. फक्त फुंकर मारायची नाही एवढं सांगायचं राहून गेलं. प्रवासानं तिचं डोकं ठणकत होतं. शिवाय मेणकापडातल्या मोहरेला कोण कशाला हात लावील, असं तिला वाटलं असेल.

बुधवारी दुपारी ईरासेमा डोळ्यांत औषध घालून पडली होती. ओदिलियानं मला बाहेर काढलं.

"माझ्या लेकीचे डोळे मागायला चाललीस," ती मला म्हणाली. "मोठमोठी माणसं असणार तिथं. अशी पारोशी जाशील होय गं?"

तिनं चुलीतली राख घेतली, लिंबू पिळलं, नारळाच्या काथ्याचा बोळा केला. मला न्हाऊ घालताना ती गात होती. माझ्या अंगावरचा तो फिरता उजेड खरवडून निघत होता आणि मला ओरडता येत नव्हतं. ती थकली तरी थांबली नाही. मग शालीच्या पदराआड धरून तिनं माझा मुका घेतला. रात्री बसला निघताना ईरासेमानं मला पिशवीत टाकलं, पण मी बदलले हे तिला दिसलं नाही. दिसलं असतं तर डॉक्टर कशाला लागले असते.

गुरुवारी काकांनी मला दिव्याखाली कलंडवलं. उजेड फिरला नाही. सगळीकडं सारखाच चमकला आणि त्यात बारीक ओरखड्यांचं जाळं उठलं. संग्राहकानं एकदा वाकून पाहिलं आणि टोपी उचलून निघून गेला.

"हिला कुणी घासलं?" काकांनी स्पॅनिशमध्ये विचारलं. "ही आता फक्त वजनाची राहिली, पोरी. हिला प्रत देता येत नाही."

ओदिलिया हसऱ्या तोंडानं त्यांच्याकडं बघत होती. शाबासकीची वाट बघत होती. "काय म्हणतात गं? लखलखाट बघून गार झाले ना?"

ईरासेमानं आईचे हात चाचपले. नखांत राख होती.

"आई, ते म्हणतात, हिला टांकसाळीतच दणका कमी बसला. जन्माचीच अशक्त आहे. म्हणून भाव येत नाही."

"अगं बाई. मग मी एवढी घासली ते फुकटच?"

"घासणं फार सुरेख झालंय म्हणतात."

"काय सांगितलंस तिला?" काकांनी हळूच विचारलं. ईरासेमानं सांगितलं. काकांनी बोलायला तोंड उघडलं, म्हातारीच्या नखांकडं पाहिलं आणि मिटलं. "बरं," ते म्हणाले, "मग मीही तसंच म्हणालो."

मित्रांनो, माझ्या गरुडाची छाती पुरी उठलेली होती. त्या दणक्याची मला आजही आठवण आहे. माझी बदनामी माझ्यासमोर झाली आणि मी गप्प बसले. मला तोंड असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे.

काकांनी मला वजनावर विकत घेतलं. त्यात एकच डोळा झाला. दुसरा पंधरा दिवसांत अंधारला. ईरासेमा आता फुलं भरत नाही, आईच्या शेजारी बसून सुकट निवडते. काका मला सोनाराकडं वितळवायला देणार होते. अजून दिलेलं नाही. मी त्यांच्या खणात कागदी पाकिटात असते. पाकिटावर लिहिलंय, "धुतलेली." ओदिलियाला वाचता येत नाही, हे आमचं नशीब.

दर तीन महिन्यांनी आईलेकी तपासणीला शहरात येतात. ओदिलिया काकांसाठी पुडीभर सुकट आणते आणि मला बघायला मागते. मागच्या खेपेला तिनं मला तळहातावर घेतलं.

"तुझ्यापायी माझ्या पोरीचा एक डोळा गेला," ती म्हणाली. "पण तुझा काय दोष? अशक्त जन्माला आलीस त्याला तू तरी काय करशील? माझा राग नाही हो तुझ्यावर."

असं म्हणून तिनं पदराचं टोक काढलं आणि मला पुसू लागली. कुणीतरी आपलं म्हणावं, एवढी तरी छान दिसावीस, म्हणाली. काकांनी तिला थांबवलं नाही. तिनं लेकीला कोपरानं ढोसलं, "विचार की त्यांना, थोडी सुधारली का?"

ईरासेमानं विचारलं. काकांनी मला हातात घेतलं. या वेळी कडेनं धरलं नाही, कशाला धरतील. भिंग लावून खूप वेळ पाहिलं.

"सांग तिला," ते म्हणाले, "सुधारतेय."

ईरासेमानं ते आईला जसंच्या तसं सांगितलं.

तर मित्रांनो, घरात जुनं नाणं सापडलं तर त्याला कडेनं धरा. राख नको, लिंबू नको, पदरसुद्धा नको. आणि हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी सांगा, डोकं कितीही दुखत असलं तरी त्याच दिवशी सांगा. नंतर सांगायला काही उरत नाही. ओदिलिया पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे. येताना पदर स्वच्छ धुवून येईन म्हणाली.